मनोऱ्यावरील बिघाडाचे जमिनीवरून निदान

मोबाइल सेवेच्या साखळीत अँटेना हा सर्वांत उंचावरचा आणि सर्वांत अबोल दुवा आहे. त्यात बिघाड झाला तर तो स्वतःहून काही सांगू शकत नाही. परत फिरणारी लहर, वाढलेला गोंगाट आणि बदललेली आकडेवारी यांवरूनच नियंत्रण कक्षातील अभियंत्याला त्याचे दुखणे ओळखावे लागते.

मोबाइलच्या पडद्यावर ‘रेंज’च्या सर्व दांड्या दिसत असतात, पलीकडच्या व्यक्तीचा आवाजही स्वच्छ ऐकू येत असतो, पण इकडचा आवाज मात्र तिकडे पोहोचत नाही. शहरातील बहुतेक मोबाइलधारकांनी हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असतो. हँडसेट बिघडला असावा, असा पहिला समज होतो. प्रत्यक्षात त्या दांड्या केवळ मनोऱ्याकडून हँडसेटकडे येणाऱ्या लहरींची तीव्रता दाखवतात. हँडसेटकडून मनोऱ्याकडे होणाऱ्या उलट प्रवासाची कोणतीही खूण पडद्यावर उमटत नाही. हा परतीचा मार्ग बिघडण्याची अनेक कारणे मनोऱ्यावरील अँटेना, केबल आणि त्यांच्या जोडण्यांमध्ये दडलेली असतात.

या दोषाचे निदान चुकले तर त्याची किंमत दोघांना मोजावी लागते. पहिला ग्राहक. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर केलेला दूरध्वनी याच मार्गाने जात असल्याने परतीचा मार्ग दुबळा असणे ही केवळ गैरसोय राहत नाही. दुसरा, मनोऱ्यावर चढणारा कामगार. दूरसंचार क्षेत्रात त्याला ‘रिगर’ म्हणतात. ऐन पावसाळ्यात, ओल्या लोखंडी शिडीवरून चाळीस मीटर उंच चढल्यावर दोष तेथे नव्हताच असे आढळले, तर त्याने पत्करलेला धोका निष्कारण ठरतो. म्हणूनच दूरस्थ देखरेखीचा खरा कस धोक्याची सूचना मिळण्यात नाही. मिळालेल्या सूचनेचा, आणि कित्येकदा न मिळालेल्या सूचनेचा, अर्थ लावण्यात आहे.

अँटेना प्रणालीची रचना

मोबाइलच्या बेस स्टेशनभोवतीचे क्षेत्र साधारणतः प्रत्येकी १२० अंशांच्या तीन विभागांत वाटलेले असते. प्रत्येक विभागासाठी मनोऱ्यावर उभ्या पेटीसारखे अँटेना बसवतात. पारंपरिक रचनेत रेडिओ यंत्रणा मनोऱ्याच्या पायथ्याशी असते आणि तेथून ‘फीडर’ नावाची जाड केबल वर जाते. तिच्या दोन्ही टोकांना ‘जंपर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लवचीक केबलचे छोटे तुकडे असतात. वाटेत वीजरोधक, कधी फिल्टर, तर कधी मनोऱ्यावरच बसवलेला प्रवर्धक अर्थात ॲम्प्लिफायर असतो.

या यादीतील बहुतेक वस्तू म्हणजे निव्वळ धातू आणि प्लास्टिक. त्यांत स्वतःची प्रकृती सांगू शकेल असे एकही इलेक्ट्रॉनिक उपकरण नसते. दुसरीकडे, प्रत्येक जोडणी हे दोषाचे संभाव्य ठिकाण असते. जोडणी पुरेशी आवळलेली नसेल, तिच्यावरील जलरोधक पट्टी उन्हाने तडकली असेल, वाऱ्याच्या कंपनाने ती सैल झाली असेल, तर पाण्याला वाट मिळते. कोकण किनाऱ्यासारख्या प्रदेशात त्यात खाऱ्या हवेची आणि महिनोन् महिने कोसळणाऱ्या पावसाची भर पडते. असा दोष एका दिवसात निर्माण होत नाही. तो हळूहळू मुरतो आणि म्हणूनच उशिरा लक्षात येतो.

परतणारी लहर

अँटेना बोलत नसला तरी त्याच्यापर्यंत गेलेल्या लहरी बोलतात. केबल, जोडण्या आणि अँटेना यांचा विद्युत्-विरोध परस्परांशी जुळत असेल, तर रेडिओ यंत्रणेने सोडलेली जवळजवळ सर्व शक्ती अँटेनातून बाहेर फेकली जाते. कोठे चेपलेली केबल, सैल जोडणी वा पाणी असेल, तर त्या जागी विरोध बदलतो आणि शक्तीचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून केबलमध्ये स्थिर तरंग तयार होतात. त्यांच्या महत्तम आणि किमान व्होल्टेजच्या गुणोत्तराला अभियंते ‘व्हीएसडब्ल्यूआर’ म्हणतात.

बेस स्टेशनच्या आत ‘दिशादर्शी युग्मक’ अर्थात डायरेक्शनल कपलर नावाचा छोटा घटक असतो. तो जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींचा अल्पसा अंश वेगवेगळा काढून मोजतो. हे गुणोत्तर १ असेल तर काहीच परत आलेले नाही, असा अर्थ होतो. १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत आलेली असते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली की बेस स्टेशन नियंत्रण कक्षाकडे सूचना पाठवते. परतणारी शक्ती फारच वाढली, तर प्रवर्धकाला इजा होऊ नये म्हणून यंत्रणा प्रक्षेपणाची शक्ती कमी करते किंवा तो विभागच बंद करते.

चांगला आकडा, वाईट केबल

वरवर पाहता ही पद्धत निर्दोष वाटते. मात्र तिच्यात एक मोठा चकवा आहे. परतणारी लहर जमिनीवर मोजली जाते, तर दोष असतो वर. जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळा लहरीला केबलमधील हानी सोसावी लागते.

समजा, २० वॅट शक्ती खालून सोडली आणि केबलमध्ये ३ डेसिबल हानी, म्हणजे निम्मी घट होते. वर १० वॅट पोहोचतात. अँटेनाची जोडणी पूर्णपणे तुटलेली असेल, तर हे सर्व १० वॅट परत फिरतात आणि खाली येईपर्यंत त्यांचे ५ वॅट होतात. सोडलेल्या शक्तीच्या २५ टक्के परत आल्याने गुणोत्तर ३ भरते आणि सूचना मिळते.

आता हीच केबल पाणी शिरल्याने खराब झाली आणि तिच्यातील हानी ५ डेसिबलवर गेली, असे मानू. वर जेमतेम ६.३ वॅट पोहोचतात आणि सगळे परत फिरले तरी खाली केवळ २ वॅट येतात. गुणोत्तर होते सुमारे १.९. मर्यादा २ ठेवलेली असेल, तर अँटेना पूर्णपणे तुटलेला असूनही नियंत्रण कक्षातील पडद्यावर सारे काही आलबेल दिसते. थोडक्यात, केबल जितकी वाईट, तितका आकडा चांगला. त्यामुळे आकडा एकाएकी सुधारला तरी अनुभवी अभियंता समाधान मानत नाही. कोणी दुरुस्ती केलेली नसताना तो सुधारला असेल, तर केबलमध्ये पाणी मुरल्याची शंका घेणे योग्य ठरते.

यावर उपाय म्हणजे एकाच मापनावर विसंबून न राहणे. स्थापनेच्या दिवशी केबलची हानी आणि परावर्तन यांची नोंद करून ठेवली, तर पुढील प्रत्येक मापनाची तुलना तिच्याशी करता येते. तसेच एकाच विभागातील दोन ग्राहक-शाखांची तुलना उपयोगी पडते. हँडसेटकडून येणारा संदेश बेस स्टेशन किमान दोन शाखांमधून टिपते. हजारो संभाषणांची सरासरी काढल्यावर या दोन शाखांची पातळी जवळजवळ सारखी असायला हवी. एक शाखा सातत्याने अनेक डेसिबलने मागे पडत असेल, तर परावर्तनाचा आकडा काहीही सांगो, त्या शाखेत दोष आहे हे निश्चित.

दोष नेमका किती अंतरावर?

दोष आहे एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न असतो तो ठिकाणाचा. रिगरला वर चढवायचे की पायथ्याची जोडणी तपासायची, हे त्यावर ठरते. येथे प्रतिध्वनीचे साधे तत्त्व कामी येते. फेस भरलेल्या फीडर केबलमध्ये लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ८८ टक्के असतो. ३० मीटर अंतरावरील दोषापर्यंत जाऊन परत यायला लहरीला सुमारे २२७ अब्जांश सेकंद लागतात. व्यवहारात एवढा सूक्ष्म काळ थेट मोजण्याऐवजी निरनिराळ्या वारंवारितांवर परावर्तन मोजतात आणि गणिती प्रक्रियेने त्याचे अंतरात रूपांतर करतात.

मात्र मोजणीचा वारंवारिता-पट्टा जितका रुंद, तितके हे चित्र स्पष्ट. ९०० मेगाहर्ट्झ सेवेतील २५ मेगाहर्ट्झचा पट्टाच वापरला, तर एकमेकांपासून पाच मीटरपेक्षा जवळ असलेले दोन दोष वेगळे ओळखता येत नाहीत. १०० मेगाहर्ट्झ वापरले तर हे अंतर सव्वा मीटरच्या आसपास येते. बेस स्टेशनला स्वतःच्या परवान्यातील लहरींबाहेर जाता येत नाही. त्यामुळे ‘दोष वरच्या टोकाशी आहे’ इतके तो सांगू शकतो. वरच्या टोकाच्या कोणत्या जोडणीत, हे ठरवायला बहुधा हातातील विश्लेषक घेऊन तंत्रज्ञालाच जावे लागते.

गंजलेल्या जोडाचा गोंगाट

सर्वांत फसवा दोष परावर्तनाच्या मोजमापात मुळीच दिसत नाही. दोन भिन्न वारंवारितांच्या शक्तिशाली लहरी सैल वा गंजलेल्या जोडातून जातात, तेव्हा तेथे नव्या वारंवारिता जन्म घेतात. या घटनेला ‘पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन’, संक्षेपाने ‘पिम’ असे नाव आहे.

जीएसएमच्या मूळ ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचे उदाहरण घेता येईल. त्यात मनोरा ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर ऐकतो. ९३५ आणि ९६० या दोन लहरी सदोष जोडात एकत्र आल्या, तर ९३५ च्या दुपटीतून ९६० वजा केल्यावर येणारी ९१० मेगाहर्ट्झची लहर उमटते. ती नेमकी ऐकण्याच्या पट्ट्यात पडते. एकाच मनोऱ्यावर, कित्येकदा एकाच अँटेनात, अनेक सेवा एकत्र नांदू लागल्यापासून अशा संयोगांची शक्यता वाढली आहे.

ही लहर अत्यंत क्षीण असली तरी तिचे परिणाम मोठे असतात. बेस स्टेशन २० वॅटने बोलते. जीएसएमच्या मानकानुसार त्याला ऐकू यायला हवा असा संदेश मात्र त्याच्या पाच कोटी कोटी पटींनी लहान असतो. एवढ्या नाजूक कानापाशी झालेली कुजबुजही गोंगाट ठरते. हँडसेटवर दांड्या पूर्ण, पण आवाज तुटक, या अनुभवामागे अनेकदा हेच कारण असते. हा जोड अँटेना प्रणालीतच असावा लागतो असेही नाही. अँटेनासमोरच्या गच्चीवरील गंजलेला पत्रा किंवा जुनी लोखंडी चौकटही हे काम करू शकते.

दूरवरून ‘पिम’ ओळखण्याची खूण म्हणजे वर्दळीशी असलेले त्याचे नाते. दिवसा संभाषणे वाढली की प्रक्षेपण वाढते आणि त्याबरोबर गोंगाटही चढतो. मध्यरात्रीनंतर तो उतरतो. याची खातरजमा करण्यासाठी रात्री ग्राहक कमी असताना यंत्रणेवर कृत्रिम भार टाकतात आणि ग्राहक-शाखेतील गोंगाट चढतो का, हे पाहतात. चढला तर दोष स्वतःच्या प्रणालीत वा तिच्या जवळपास आहे. भाराशी संबंध न ठेवता गोंगाट कायम राहिला तर तो बाहेरून येतो आहे. भारतातील शहरांमध्ये इमारतींवर परवान्याविना बसवलेले सिग्नल बूस्टर हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. अशा वेळी मनोऱ्यावर रिगर चढवण्यात काहीच हशील नसते.

अँटेनाला मिळालेली वाचा

कालांतराने अँटेनाजवळील काही घटकांना स्वतःबद्दल सांगण्याची सोय मिळाली. अँटेनाचा झुकाव बदलणारी मोटर आणि मनोऱ्यावरील प्रवर्धक हे त्यांतील प्रमुख. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकाच भाषेत बोलावीत यासाठी ‘एआयएसजी’ हे मानक तयार झाले. त्याची २००६ मधील दुसरी आवृत्ती व्यापक प्रमाणावर वापरली गेली. त्यात फीडर केबलमधूनच २.१७६ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर सेकंदाला ९,६०० बिट इतक्या संथ गतीने आज्ञा आणि उत्तरे जातात. त्याच केबलमधून उपकरणांना वीजही मिळते. प्रत्येक उपकरणाला उत्पादकाची खूण आणि अनुक्रमांक असल्याने कोणत्या मनोऱ्यावर काय बसवले आहे, याची यादी दूरवरून मिळते.

प्रवर्धक किती वीजप्रवाह घेतो, यावरूनही निदान होते. प्रवाह शून्यावर आला तर केबल तुटली असावी. एकदम वाढला तर कोठेतरी लघुपथ झाला असावा. मर्यादेच्या किंचित बाहेर रेंगाळत असेल तर प्रवर्धकाचेच आयुष्य संपत आले असावे.

झुकाव बदलणारी मोटर अडकली तर तीही सूचना देते. झुकावाचे महत्त्व साध्या भूमितीतून कळते. ४० मीटर उंचीवरील अँटेना ४ अंश झुकवला, तर सपाट जमिनीवर त्याचा मुख्य झोत सुमारे ५७० मीटरवर टेकतो. झुकाव ८ अंश केल्यास तो २८५ मीटरवर येतो आणि २ अंश केल्यास जवळजवळ ११४५ मीटरवर जातो. दोन-चार अंशांच्या चुकीने एखादी वसाहत सेवेबाहेर जाऊ शकते. मात्र मोटर केवळ अँटेनाच्या अंतर्गत, विद्युत् झुकावाबद्दल बोलते. वादळात पकडीचा बोल्ट सरकून संपूर्ण पेटीच वळली, तरी मोटर पूर्वीचाच आकडा प्रामाणिकपणे सांगत राहते. प्रत्यक्ष दिशा मोजणारे वेगळे संवेदक बसवले तरच हा दोष थेट कळतो.

सूचनेविना बिघाड

अशा मूक दोषांसाठी शेवटचा आधार उरतो तो आकडेवारीचा. एखाद्या विभागात यंत्रणा सुरू आहे, एकही सूचना नाही, तरीही संभाषणे होत नाहीत. दूरसंचार अभियंते याला ‘झोपलेला सेल’ म्हणतात. त्याला ओळखण्यासाठी आजच्या बुधवारी सकाळी दहाची वर्दळ मागील काही बुधवारच्या त्याच वेळेशी ताडून पाहतात. रविवार, सण आणि सुट्ट्या यांचा फरक वगळूनही घट टिकून राहिली, तर चौकशी सुरू होते.

स्थापनेच्या वेळी दोन विभागांच्या केबलींची अदलाबदल होणे हा याच प्रकारातला दोष. विद्युत्-दृष्ट्या सर्व जोडण्या ठीक असतात. परावर्तन नसते, गोंगाट नसतो. पण उत्तरेकडे चालत जाणाऱ्या ग्राहकाचे संभाषण दक्षिणेकडच्या शेजारी मनोऱ्याकडे सोपवण्याची तयारी यंत्रणा करू लागते. संभाषणे कोणत्या शेजाऱ्याकडे सोपवली जातात आणि कोठे तुटतात, या नोंदी नकाशावर मांडल्या की ही उलटापालट उघड होते.

सूचनांचा पूर

याउलट परिस्थिती आपत्तीच्या वेळी उद्भवते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे असंख्य खांब कोसळले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या काही भागांत मोबाइल सेवा खंडित झाली. अशा वेळी नियंत्रण कक्षात सूचनांचा अक्षरशः पूर येतो. एकच वीजवाहिनी तुटली तरी तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक मनोऱ्याची वीज, बॅटरी, दळणवळण आणि सेवा यांविषयीच्या सूचना एकामागून एक येत राहतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९२ मध्ये मंजूर केलेल्या एक्स.७३३ या शिफारशीत सूचनांच्या अतिगंभीर, गंभीर, किरकोळ आणि इशारा अशा श्रेणी आहेत. केवळ श्रेणीने मात्र काम भागत नाही. कोणती सूचना कारण आहे आणि कोणती परिणाम, हे वेगळे करावे लागते. अँटेनाच्या दोषांपुढे येथे आणखी एक अडचण असते. वीज नसलेले बेस स्टेशन परावर्तन मोजू शकत नाही. त्यामुळे वादळात तुटलेल्या जोडण्या वीज परतल्यावरच उघड होतात. वीज आली म्हणजे सेवा पूर्ववत झाली, असे गृहीत धरता येत नाही ते यामुळेच.

नवी रचना, नवे प्रश्न

रेडिओ यंत्रणाच मनोऱ्यावर अँटेनाजवळ नेण्याची पद्धत रूढ झाल्यावर लांब फीडर केबलची जागा प्रकाशतंतूंनी घेतली. परावर्तन आता अँटेनापासून काही मीटरवरच मोजले जाते. त्यामुळे केबलमधील हानीचा चकवा बराच कमी झाला. त्याबरोबर नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग मात्र ऊन, पाऊस आणि विजांच्या तोंडी गेले.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘फाइव्ह-जी’ सेवेचा प्रारंभ झाला. या पिढीतील अनेक अँटेनांमध्ये ३२ किंवा ६४ रेडिओ शाखा अँटेनातच सामावलेल्या असतात. त्या परस्परांशी तोलल्या आहेत की नाही, हे यंत्रणा स्वतःच वेळोवेळी तपासते. एखाद-दुसरी शाखा निकामी झाली तरी सेवा बंद पडत नाही. झोत किंचित पसरतो, वेग थोडा घटतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय असली तरी निदानाच्या दृष्टीने ती नवी अडचण आहे. पूर्वी दोष एकदम समोर येत असे, आता तो थोडाथोडा साचत जातो.

तंत्र बदलले तरी निदानाचा मूळ नियम बदललेला नाही. पावसात वाढणारे आणि उन्हात घटणारे परावर्तन पाणी सुचवते. दुरुस्तीच्या दिवसापासून कायम असलेले परावर्तन हातून राहिलेली चूक सुचवते. वर्दळीबरोबर चढणारा गोंगाट गंज सुचवतो. यांपैकी एकही खूण एकटी पुरेशी नसते. दोन-तीन स्वतंत्र खुणा एकाच ठिकाणाकडे बोट दाखवू लागल्या, की संबंधित विभागाचे प्रक्षेपण दूरवरून बंद करावे आणि मगच सुरक्षापट्टा बांधलेल्या रिगरने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवावे. वर पोहोचल्यावर कोणती जोडणी उघडायची, हे त्याला खालीच ठाऊक असणे, हेच या सर्व देखरेखीचे फलित होय.